लिंबू कुणाच्या दारात?

मागच्या वर्षीच्या आषाढातली गोष्ट. अमावस्येला तीन दिवस होते. दुपारची भांडी आवरून मी जरा पाठ टेकली होती, तर दाराशी चपलांचा आवाज. बघते तर आमच्याच पेठेतली एक सून. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. तुमच्या-माझ्या गल्लीत अशी एक तरी सून असतेच. लग्नाला साडेचार वर्षं झालेली, बारावीपर्यंत शिकलेली, शिवणकामात हात चांगला. ओढणीखाली शंभर पानी वही लपवलेली.

"काकू, रागावणार नसाल तर एक विचारायचंय," असं म्हणून तिनं वहीचं शेवटचं पान माझ्यापुढं धरलं.

पानावर सात प्रश्न होते. अक्षर सुंदर, शाळेत निबंधाला लिहितात तसं. करणी झालीय हे नक्की कसं ओळखायचं? ती उलटवायची असेल तर अमावस्या धरायची की शनिवार? लिंबू घरातल्या बाईनं उतरवलं तर चालतं, की देवऋषीच लागतो? पाळीच्या दिवसांत केलं तर आपल्यावरच उलटतं का? जिच्यावर करायचं तिचा केस लागतो की वापरलेला कपडा चालतो? किती दिवसांत फरक दिसतो? सातवा प्रश्न लिहून खोडलेला होता. पण बॉलपेननं खोडलेलं वाचता येतं. 'जिच्यावर करायचं ती गरोदर असेल तर?'

मी चष्मा काढून पुसला. दुसरं काय करावं ते सुचेना.

"हे मलाच का विचारतेस गं?"

"तुम्ही बायकांपुढं या सगळ्याच्या विरुद्ध बोलता ना? मग तुम्हाला सगळं ठाऊक असणारच की."

तिच्या या हिशेबापुढं मी निरुत्तर झाले. आणि खरं सांगायचं तर तिचा हिशेब चुकलेला नव्हता. मला ठाऊक होतं. कसं, ते पुढं सांगते.

आधी तिची हकिकत. मूल होत नव्हतं. जिल्ह्याच्या गावी दोनदा जाऊन आली होती, दोन्ही वेळा तपासण्या तिच्याच. सोनोग्राफी झाली, रक्त झालं, गोळ्या झाल्या. डॉक्टरांकडे नंबर लावून तीन तास बसायचं आणि आत गेल्यावर दोन मिनिटांत बाहेर. मग सासूबाईंनी शेजारच्या गावातल्या देवऋषीकडं नेलं. तिथं मात्र त्यानं पाऊण तास सगळं ऐकून घेतलं. काय खाता, कुठं झोपता, घरात कोण कोण, कुणाशी बोलणं आहे, कुणाशी नाही. तिला तर तिथंच रडू आलं, कारण साडेचार वर्षांत इतकं कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी तो म्हणाला, कूस बांधलीय, आणि बांधणारी घरातलीच आहे. नाव त्यानं घेतलं नाही. एवढंच म्हणाला, "घरात कुणाला आनंद झालाय ते बघा."

घरात आनंद झाला होता थोरल्या जावेला. तिला दुसऱ्यांदा दिवस गेले होते.

देवऋषीनं उताऱ्याचे पाच हजार एकशे सांगितले. हिच्याकडं एवढे पैसे नव्हते, बुगडी मोडली तर घरात कळलं असतं. म्हणून तिनं ठरवलं की आपणच शिकू. म्हणून ती वही आणि ते सात प्रश्न. मोबाईलवर पाहिलेलं, मैत्रिणीकडून ऐकलेलं, एसटी स्टँडवरच्या छोट्या पुस्तकातलं, असं सगळं गोळा करून जे कळलं नाही ते लिहून आणलेलं. शिवणाच्या क्लासला जाणारी मुलगी मापं लिहून आणते ना, अगदी तसं.

सोसायटीत, बचत गटात, हळदीकुंकवाला मी अशा प्रश्नांवर बोलते तेव्हा 'अडाणी बायका' असं कुणी तरी म्हणतंच. मला ते पटत नाही. ही मुलगी अडाणी नव्हती. ती पद्धतशीर होती. तिच्या हातात प्रश्न सोडवायला जे हत्यार कुणी दिलं, ते ती नीट चालवायला शिकत होती, एवढंच. दुसरं हत्यार तिच्या हातात कुणी दिलंच नव्हतं.

मी तिच्यावर रागावले नाही. रागवायचा मला हक्कच नव्हता.

२००३ सालची गोष्ट आहे. माझी लेक तेव्हा चौदा महिन्यांची. अंगावर ताप यायचा, तीन-चार दिवस राहायचा, उतरायचा, पंधरा दिवसांनी परत. वजन वाढेना. गावातल्या डॉक्टरांची पातळ औषधं चालूच होती. आमच्या वाड्याला लागून एक काकू राहायच्या. एकट्या. यजमान लवकर गेलेले, मूलबाळ नाही. माझ्या लेकीवर त्यांचा फार जीव. सकाळी मी ओट्याशी असले की त्या तिला उचलून न्यायच्या, केळ्याची शिकरण नाहीतर गव्हल्यांची खीर भरवायच्या, आणि स्टीलच्या वाटीत थोडी मला पाठवायच्या.

सासूबाई एका देवऋषीकडं गेल्या, मलाही घेऊन गेल्या. मी बी.ए. झालेली, मराठी विषय घेऊन. नवस-सायासांवर तुकोबांनी किती कोरडे ओढलेत ते परीक्षेत लिहून मार्क मिळवलेली. गाडगेबाबांची कीर्तनं आजोबांच्या तोंडून ऐकलेली. तरी गेले. पोरीच्या अंगाला हात लावला की चटका बसत होता, तेव्हा बी.ए.ची पदवी ट्रंकेत होती.

त्यानं पाटावर जोंधळ्याचे दाणे टाकून जोड्या लावल्या आणि सांगितलं, "उगवतीकडचं दार, एकटी बाई, पोरीला खायला घालते." सासूबाईंच्या अंगावर काटा आला. माझ्याही आला. पोरगी कुठं खेळते, कोण उचलतं, काय खाते, हे सगळं त्यानं दहा मिनिटांपूर्वी आमच्याचकडून काढून घेतलं होतं, हे माझ्या लक्षात यायला पुढं कित्येक महिने जावे लागले. आम्हीच त्याला दिलेलं त्यानं आम्हाला परत दिलं, वर दक्षिणा घेतली.

शनिवारी तिन्हीसांजेला लिंबू मीच उतरवलं. लेकीवरून सात वेळा. आणि मीच ते काकूंच्या उंबऱ्याशी, पायरीच्या कोपऱ्यात ठेवून आले. सासूबाईंचे गुडघे दुखत होते म्हणून मी गेले, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते.

सकाळी काकू झाडायला बाहेर आल्या. मी खिडकीच्या आडून बघत होते. त्यांनी ते पाहिलं, वाकून उचललं, हातात धरून क्षणभर उभ्या राहिल्या आणि आमच्या दाराकडं पाहिलं. बस, एवढंच. त्यानंतर त्या लेकीला न्यायला कधी आल्या नाहीत. आदल्या दिवशी त्यांनी पाठवलेली वाटी माझ्याकडं होती. खीर मी मोरीत ओतली आणि वाटी घासून लेकीच्या आत्याच्या हाती परत पाठवली. रिकामी. आपल्याकडं रिकामी वाटी परत करत नाहीत, साखर तरी घालतात. त्यांना ते कळलंच असणार.

लेकीचा ताप काही गेला नाही. जायचा कसा? महिनाभरानं माझा भाऊ आला, त्यानं आम्हाला उचलून जिल्ह्याच्या गावी बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी लघवीची तपासणी करायला सांगितली. लघवीच्या मार्गाला जंतुसंसर्ग होता. लहान मुलींत असा परत परत ताप येण्यामागं हे कारण बरेचदा सापडतं, फक्त तपासलं पाहिजे, असं ते म्हणाले. औषध पूर्ण दिलं, मूत्रपिंडाची सोनोग्राफी केली, आणि लेक सुधारली. आज ती तेवीस वर्षांची आहे.

काकूंचं काय झालं ते मात्र सांगायला हवं. गल्लीत कुजबुज झाली. कुणीतरी कुणालातरी सांगितलं. हळदीकुंकवाला त्यांना तसंही बोलावत नव्हते, आता नळावर त्या आल्या की बायका घागरी उचलायला लागल्या. त्यांना रात्र-रात्र झोप लागेना, छातीत धडधडायचं. "माझ्याच दारात का?" असं त्या एका शेजारणीला विचारत होत्या म्हणे. २००६ मध्ये त्या भाच्याकडं राहायला गेल्या. २०१२ मध्ये गेल्या. मी एकदाही जाऊन सांगितलं नाही की ते लिंबू माझं होतं. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

म्हणून त्या मुलीच्या सहाव्या प्रश्नाचं, 'किती दिवसांत फरक दिसतो?' याचं उत्तर माझ्याकडं होतं. लिंबात काही नसतं गं, असं आपण पटकन म्हणून मोकळ्या होतो. लिंबात काही नसतंच. पण लिंबू दारात सापडणं ही एक बातमी असते. आपलं वाईट व्हावं असं कुणाला तरी वाटतंय, ही बातमी. ती कळली की माणूस खात नाही, झोपत नाही, दचकतो, दुखण्याला दुखणं लागतं. गरोदर बाईनं तर विचारायलाच नको. झोप उडाली, जेवण सुटलं, रक्तदाब वाढला तर त्रास तिला आणि पोटातल्या जिवाला. मग गल्ली म्हणते, बघा, लागलं की नाही! लागतं ते असं. त्याला मंत्र लागत नाही, अमावस्या लागत नाही, केस की कपडा याचाही काही फरक पडत नाही. लागतो फक्त एक उंबरा आणि त्याच्या आतलं एक माणूस.

मी तिला हे सगळं सांगितलं. चहा केला, तिनं घेतला नाही.

बाकीच्या प्रश्नांची उत्तरं सोपी होती. करणी झाली हे कसं ओळखायचं, यावर देवऋषीचे नेहमीचे दोन-तीन पुरावे असतात. लिंबू कापलं की लाल निघतं, हळदीच्या पाण्याचं रक्त होतं, नारळ आपोआप पेटतो. यातलं पहिलं आणि दुसरं तुम्ही आज संध्याकाळी स्वयंपाकघरात करून बघा. सुरीच्या पात्यावर जास्वंदीचं लाल फूल चांगलं घासा, वाळू द्या आणि त्या सुरीनं लिंबू कापा. आंबट रस लागला की तो रंग लालभडक होतो. हळद कालवलेल्या पाण्यात खायच्या चुन्याची निवळी घाला, पाणी कुंकवासारखं लाल होतं. आपल्या आज्या घरी कुंकू करायच्या ते याच हळद आणि चुन्याच्या मेळातून. नारळाचं मात्र घरी करू नका, त्यात पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीन अशी रसायनं शेंडीत लपवतात, आणि ती खरोखर पेटतात.

आमच्या बचत गटात मी हे लिंबू कापून दाखवलं तेव्हा काय झालं माहितेय? टाळ्या नाही वाजल्या. सगळ्या गप्प बसल्या. मग मागून एक मावशी म्हणाल्या, "म्हंजे आमचे अकराशे गेले की हो!" आणि हशा पिकला. पण एक बाई हसल्या नाहीत. कार्यक्रम संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, असंच लाल लिंबू बघून मी माझ्या नणंदेला घरात येऊ दिलं नाही. आठ वर्षं झाली." फसलेले पैसे आठवून माणूस हसू शकतो. तोडलेली माणसं आठवली की नाही हसता येत.

एक मात्र कबूल करते. मी आजही नातवंडांची, म्हणजे दिराच्या नातवंडांची, दृष्ट काढते. मीठ-मोहऱ्या ओवाळते आणि चुलीत, आता गॅसवरच्या तव्यावर, टाकते. आमच्या चळवळीतल्या एक मैत्रीण मला यावरून बोलतात आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की मोहऱ्या तडतडल्या की आजीचं समाधान होतं आणि गोष्ट तिथंच संपते; त्यासाठी कुणा एकीचं नाव घ्यावं लागत नाही, कुणाच्या पायरीवर जाऊन काही ठेवावं लागत नाही. ज्या दिवशी दृष्ट काढताना 'ही हिचीच' असं मनात आलं, त्या दिवशी मी ते बंद करीन.

कारण नाव घेतलं की काय होतं, हे आपल्या देशानं पुष्कळ पाहिलंय. झारखंडच्या छुटनी महातो यांना १९९५ मध्ये गावानं डायन ठरवून हाल केले. त्यातून उठून त्यांनी अशाच ठरवलेल्या कितीतरी बायकांना आसरा दिला आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आसामच्या बिरुबाला राभा यांनाही त्याच वर्षी पद्मश्री मिळाली. त्या २०२४ मध्ये गेल्या. लांबचं वाटतं ना? आपल्या नंदुरबारकडच्या डोंगरातही डाकीण म्हणून बायकांना मारहाण झाली आहे. आणि माझ्या आईच्या पिढीतल्या बायकांना मानवतचं नाव काढलं की अजून शहारा येतो. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातल्या त्या गावात गुप्तधन मिळावं, मूल व्हावं म्हणून मुली आणि बायका मारल्या गेल्या. मूल व्हावं म्हणून! त्या मुलीच्या वहीतला खोडलेला सातवा प्रश्न वाचताना माझ्या डोळ्यांपुढं तेच गाव आलं. तिच्या मनात तसलं काही नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पण वाट तीच, पहिला मैलाचा दगडही तोच.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण 'आमच्या देवाधर्मावर बंदी आली' असा गैरसमज अजून आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच सरकारनं वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळानं कायदा मंजूर केला. पूजा, व्रतं, वारी, कीर्तन, भजन, यात्रा यांना त्यात हात लावलेला नाही. भूत उतरवतो म्हणून बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं, चमत्काराच्या नावानं लुबाडणं, मूल होईल असं सांगून बाईचा गैरफायदा घेणं, साप-कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालणं, आणि अमुक बाई करणी करते, तिच्यामुळं रोगराई येते असं सांगून तिच्यावर संशय उभा करणं, हे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे ठाण्यात गेल्यावर 'कोर्टात जा' असं सांगून परत पाठवता येत नाही. 'घरात कुणाला आनंद झालाय ते बघा,' असं नाव न घेता बोलणारे देवऋषी हुशार असतात. नाव ते आपल्या तोंडून वदवून घेतात. २००३ मध्ये हा कायदा असता, तर नुसता देवऋषीच नाही, मीही विचारात पडले असते.

दुसरा एक प्रश्न माझ्याकडं याच्याइतकाच येतो, तो इथंच सांगून टाकते. "ताई, नवऱ्याची दारू सुटायला जेवणातून काय द्यायचं?" अंगारा, मंतरलेलं पाणी इथपर्यंत ठीक. पण आता पुड्या मिळतात. गुपचूप आमटीत घाला, त्याला कळू देऊ नका, असं सांगून विकतात. बायांनो, त्या पुडीत काय आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. दारू सोडवायला डायसल्फिराम नावाचं एक औषध खरोखर आहे. पण डॉक्टर ते माणसाला सांगून, तपासून देतात, कारण ते पोटात असताना दारू प्याली तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी जीव जातो. न सांगता असलं काही दिलं आणि तो बाहेर पिऊन आला, तर वशीकरण राहील बाजूला आणि तुमच्या कपाळी पोलीस येतील. व्यसनासाठी पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून काम करतंय. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो. आणि घरबसल्या बोलायचं असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर मराठीतही बोलतात, पैसे पडत नाहीत. नवऱ्यासाठीच नाही, स्वतःसाठीही फोन करा. देवऋषी पाऊण तास ऐकून घेतो ही त्याची खरी विद्या आहे. ती आपल्याकडच्या शहाण्या माणसांनी त्याच्यासाठी मोकळी सोडली आहे.

तर त्या मुलीकडं परत येते. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "मग काकू, मी करू काय?" हा आठवा प्रश्न. वहीत नव्हता.

मी विचारलं, "तुझ्या नवऱ्याची तपासणी झाली का?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. साडेचार वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. सासूबाईंचं म्हणणं, त्याला काय धाड भरलीय, त्याच्या सख्ख्या भावाला पोर आहे की. आता यात काय संबंध? मूल होत नसलेल्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही काही ना काही कारण असतं. बाईच्या तपासण्यांना वेळ लागतो, सुया लागतात, हजारो रुपये लागतात. पुरुषाची वीर्यतपासणी एका दिवसात होते, काही शे रुपयांत होते, दुखत नाही. तरी ती सगळ्यात शेवटी होते, नाहीतर होतच नाही. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत 'जोडीनं या' असं लिहून दिलं होतं म्हणे. तो कागद सासूबाईंनी देव्हाऱ्याखाली ठेवला होता.

नवऱ्याला तयार करायला तीन महिने गेले. आमच्या ह्यांनी त्याला दोनदा चहाला बोलावलं, तेव्हा कुठं तो हलला. बायकोनं सांगितलेलं त्याला टोमणा वाटत होतं, पुरुषानं सांगितल्यावर सल्ला वाटला. याचा मला राग येतो, पण त्या वेळी राग गिळून ह्यांना पाठवलं. रिपोर्ट काय आला ते इथं लिहिणार नाही, तो त्यांचा दोघांचा आहे. उपचार चालू आहेत. मूल होईल की नाही, हे मलाही ठाऊक नाही आणि डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. ते सांगत नाहीत म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

ती वही तिनं माझ्याकडं सोडली नाही. मी म्हटलं, शेवटचं पान फाडून देऊन जा. म्हणाली, "नको, मागच्या पानावर ब्लाउजची मापं आहेत."

थोरल्या जावेला कार्तिकात मुलगी झाली. बारशाला धाकटी गेली नाही, डोकं दुखतंय म्हणून निजून राहिली. मी तिला दोष दिला नाही. जावेला यातलं काही ठाऊक नाही, की आहे, कुणास ठाऊक; बायकांना वास लागतो. परवा आमच्याकडं चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. दोघी आल्या, वेगवेगळ्या आल्या. एकाच सतरंजीवर बसल्या, मध्ये दोन बायका सोडून. पन्हं देऊन झालं, आंब्याची डाळ वाढताना मी वळून पाहिलं तर जावेच्या मांडीवरची पोर रांगत रांगत त्या दोन बायकांच्या पुढून धाकटीपर्यंत गेली होती आणि तिची ओढणी तोंडात घालत होती. धाकटीनं तिला उचललं नाही. ओढणीही सोडवून घेतली नाही.